कुंडाच्या काठावरचं शेवाळ घासू नका

संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी आणि आरवली ही गरम पाण्याची ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत, तरी पाण्याचा स्वभाव वेगळा. तुरळचं पाणी ६० अंशांच्या आसपास, हात ठेववत नाही. आरवलीचं ४० च्या आगेमागे, त्यात माणसं निवांत बसतात. खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या खडकाच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत अशा कुंडांची रांगच आहे.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन कुंडावर गेले की मी आधी त्यांना कुंडापासून बाजूला नेते, पाणी जिथून बाहेर वाहतं त्या पाटाकडे. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला झऱ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी ७० अंशांच्या घरात असतं, तिथे दगड जवळजवळ उघडे दिसतात. थोडं पुढे, पाणी निवत गेलं की हिरवा थर सुरू होतो. लोक ज्याला शेवाळ म्हणतात, तो हा जिवाणूंचा थर. ७३ अंशांच्या वर सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू तगत नाहीत, आणि त्या मर्यादेच्या जवळ टिकणारेही मोजकेच. चिमट्यानं त्या थराचा नखाएवढा तुकडा उचलला की कडेनं पापुद्रे दिसतात: वर गर्द हिरवा, खाली नारिंगी, त्याखाली मळकट, बुळबुळीत. प्रत्येक पापुद्र्यात वेगळी वस्ती.

त्यात वरून पडतो पातेरा. आंब्याची, किंजळीची, ऐनाची पानं पाटात अडकतात आणि कुजतात. पान म्हणजे सेल्युलोज, झायलन, पेक्टिन. साखरेच्या लांबच लांब साखळ्या. त्या तोडायला एक विकर (एन्झाइम) पुरत नाही. एक सेल्युलेज साखळी मध्येच छाटतं, दुसरं टोकाकडून साखरेची जोडी-जोडी काढतं, तिसरं त्या जोडीची दोन ग्लुकोज करतं. ही सगळी हत्यारं एकाच जिवाणूकडे असतीलच असं नाही. एकाचं उरलेलं शेजारी खातो. म्हणूनच मला एकट्या जिवाणूपेक्षा ती अख्खी वस्ती मोलाची वाटते.

आणि ही विकरं तापलेल्या पाण्यात काम करतात. तांदळाची पेज शिजताना दाट होते, कारण ६०-७० अंशांना स्टार्चचे कण फुगून फुटतात. कारखान्यात स्टार्चपासून ग्लुकोज करताना ते दाट खळ पातळ करायला तापमान ९५ अंशांच्याही वर न्यावं लागतं. तिथे स्टार्च तोडणारं साधं अमायलेज निकामी होतं, उष्णता सोसणारंच लागतं. कागदाच्या लगद्यात झायलन तोडणारं झायलनेज वापरलं की ब्लीचिंगला क्लोरीन कमी लागतं, आणि तो लगदाही गरम असतो.

प्रयोगशाळेत हे बघण्याची रीत सोपी आहे. स्टार्च घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, नमुना पसरायचा आणि प्लेट ५५ अंशांना ठेवायची. उष्णतेनं आगर सुकतं, म्हणून प्लेटा पिशवीत गुंडाळून ठेवतो. मग वरून आयोडीन ओतायचं. सगळी प्लेट निळी-काळी होते आणि काही ठिपक्यांभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं उरतं. तेवढ्या जागेतला स्टार्च त्या जिवाणूनं फस्त केलेला असतो. पहिल्यांदा ते कडं उमटलं की मुलं एकदम गप्प होतात. पण प्लेटवर वाढतात ते थोडेच. बाकीच्यांचा पत्ता लावायला थरातून थेट डीएनए काढून जिवाणूंची ओळख पटवणारं १६एस जनुक वाचावं लागतं.

कुंडावर एका आजींनी विचारलं, ‘‘पाण्यात जंत हत काय गो?’’ म्हटलं, ‘‘नाही आजी, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव आहेत, पाला खातात.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग खाऊ देत.’’

मला एवढंच हवं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी वेगळा केलेला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू १९६९ मध्ये जगापुढे आला, आणि त्याच्याच विकरामुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची रीत, घरोघरी माहीत झालं. त्या विकराच्या उत्पन्नातून उद्यानाला काही मिळालं नाही. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, आणि त्यात सूक्ष्मजीवही येतात. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडं-पक्षी असतात, मग कुंडाचा पाट का नको? मी पाहिलेल्या नोंदवह्यांत तो नाही.

एका कुंडावर सुशोभीकरणात पाटाला फरशी बसली आणि नंतर तो ब्रशनं, पावडरीनं घासला जाऊ लागला. थर गेला. कुंडाला फरशी जरूर घाला, पाय घसरून म्हातारी माणसं पडतात. पण बाहेरच्या पाटाचा दहा-बारा हात भाग जांभ्याचा, उघडा ठेवा, आणि साबणाचं पाणी दुसरीकडून काढा. ग्रामपंचायतीत ठराव मांडायचा असेल तर मजकूर मी लिहून देईन. खेड किंवा राजापूरकडच्या कुंडांचे जुने रंगीत फोटो कुणाकडे असतील तर जरूर पाठवा. पाटाचा थर पूर्वी कुठवर होता, ते त्यावरून कळेल.