चाळीस जणांतले चौसष्ट टक्के

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मासिकांच्या रॅकमागे एक लांब टेबल आहे. दुपारनंतर तिथे एमएचे दोघं-तिघं बसतात आणि बीए-बीकॉमची मुलं आपलं लिखाण घेऊन येतात. प्रोजेक्ट, सेमिनारचा पेपर, शिष्यवृत्तीचा अर्ज, जे असेल ते. 'कमवा आणि शिका'त माझ्या वाट्याला हे काम आलं. मैत्रिणी रोपवाटिकेत उन्हात राबतात आणि मी पंख्याखाली बसते, त्यामुळे मला तक्रारीला जागा नाही.

बाईंनी नियम दोनच घालून दिलेत. पेन त्या मुलाच्याच हातात राहायचं, आणि लिहिलेलं त्याने स्वतः मोठ्याने वाचायचं. ही रीत मुळात अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला, तेव्हा कॉलेजचं लिखाण न जमणारी मुलं मोठ्या संख्येने आली. ब्रुकलिन कॉलेजातल्या केनेथ ब्रुफी यांच्या लक्षात आलं, की मदत म्हणजे पुन्हा वर्गच असेल तर मुलं तिकडे फिरकत नाहीत. बरोबरीच्या मुलाशी मात्र बोलतात. आमच्याकडे अजून बरेच प्राध्यापक या टेबलाला 'शुद्धलेखनवाले' म्हणतात, ते सोडा.

त्या दिवशी सबमिशनचा हंगाम ऐन भरात होता. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून मार्च महिना बघायलाच नको. एस. वाय.चा एक मुलगा आला, लातूरकडचा, हॉस्टेलला राहणारा. विषय होता पुण्याच्या जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांचं उत्पन्न. छापील प्रत आणि वर साम्य तपासणीचा, म्हणजे किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारा कागद, सहा टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत काही दंड नाही, म्हणजे तो निर्धास्त. "ताई, फक्त भाषा बघा. उद्या बाइंडिंगला टाकायचंय."

पहिली तीन प्रकरणं वाचून झाली. वाक्यं लांबलचक होती, पण होती त्याचीच. चौथं प्रकरण आलं आणि तो वाचू लागला, "चाळीस प्रतिसादकांपैकी चौसष्ट टक्के विक्रेत्यांचे मासिक उत्पन्न..."

मी त्याला थांबवलं. अर्थशास्त्राची सवय म्हणा. चाळीस जणांत एक माणूस अडीच टक्क्यांचा. पंचवीस जण म्हणजे साडेबासष्ट, सव्वीस म्हणजे पासष्ट. चौसष्ट टक्के व्हायला मध्ये अर्ध्याहून जास्त माणूस लागतो. पुढच्या तक्त्यात छत्तीस टक्के होते, तेही बसेनात. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर दुसरीकडून उचललेली वाक्यं पकडतं. मनाने घातलेले आकडे कुणाशीच जुळत नसतात, त्यामुळे ते बिनबोभाट पार होतात.

हे त्याच्या सरांना दिसलं असतं तर त्यांना विचारावं लागलं असतं, खोटं का लिहिलंस. मला तसं बंधन नव्हतं. मी विचारलं, "यातले खरे फॉर्म किती?"

तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अकरा."

"आणि बाकीचे?"

"रूमवर भरले. दोघांनी मिळून." लगेच आवाज चढला. "सगळेच करतात ताई. आणि तुमचं काम भाषा बघायचं आहे ना?"

मी म्हटलं, सरांना मी सांगणार नाही, इथलं बोलणं इथेच राहतं. पण या तक्त्यांखालची वाक्यं नीटनेटकी करायला मी हात लावणार नाही. त्याने प्रत उचलली आणि गेला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं म्हणणं, मी उगाच ताणलं. दुसऱ्या वर्षाच्या पोराकडून कसली संशोधनाची अपेक्षा करतेस? मला तेव्हाही ते पटलं नाही. आकडे घरी बसून बनतात हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे एमए, पीएचडीला ते सुटेलच असं नाही.

ग्रंथालय बंद व्हायच्या सुमारास तो परत आला, कापडाच्या दुकानाची पिशवी घेऊन. त्यात ते अकरा फॉर्म. चुरगळलेले, एकावर ऑइलच्या बोटांचे ठसे. रूमवर भरलेले सगळे एका पेनाने, एका वळणाचे होते. यांच्यावर खाडाखोड आणि पाठीमागे पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही.

"मागे काय लिहिलंयस?"

"ते असंच. लक्षात राहावं म्हणून."

मी म्हटलं, वाच. तो वाचू लागला आणि मी ऐकत बसले. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हा पहिल्या रविवारी क्लिपबोर्ड घेऊन गेला, तर लोकांना वाटलं महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांचा माणूस आला. एकाने पथारी आवरायला घेतली. दुसऱ्याला वाटलं पीएम स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेचं कर्ज द्यायला आलाय; २०२० मध्ये ती योजना आली तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. त्याने स्वतःहून आधार कार्ड पुढे केलं, कर्ज नाही म्हटल्यावर एका प्रश्नाचंही उत्तर दिलं नाही. जुने पान्हे, पकडी विकणारे एक काका तेवढे म्हणाले, "चहा घेऊन येतो, बस जरा इथं." हा पथारीवर बसला, एक पान्हा विकला, घासाघीस करताना वीस रुपये कमी घेतले. काका परतल्यावर हसले आणि शेजारच्या चौघांना म्हणाले, "आपला पोरगा आहे, सांगा त्याला." अकरांतले बरेचसे फॉर्म तिथून पुढे भरलेले. 'मासिक उत्पन्न' या रकान्यासमोर तिघांनी एकच सांगितलं होतं: महिन्याचं कोण मोजतंय, बाजाराच्या दिवसाचं विचार.

"हे अहवालात का नाही?"

"हे कुठे लिहितात?"

मी त्याला 'अभ्यासाच्या मर्यादा' हा भाग दाखवला, जो सगळे एका परिच्छेदात उरकतात. तिथे लिही, की चाळीस ठरवले होते, अकरा मिळाले, आणि का. उत्पन्नाचा प्रश्नच चुकीचा विचारला गेला, तेही लिही. टक्के काढून टाक. 'अकरापैकी सात' असं सरळ लिही. शिपाईमामा दिवे घालवायला लागले तेव्हा तो तिसऱ्या पानावर होता.

त्याने बाइंडिंग पुढे ढकललं. सरांनी प्रत बघून म्हटलं, नमुना फार लहान आहे, अजून एक रविवार जाऊन ये. गेला आणि सहा जण वाढवून आला. अहवाल सतरांवर सादर झाला.

निकालानंतर तो टेबलाशी आला. त्याच्या रूममेटचे शंभर प्रतिसादक होते, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग होतं, आणि मार्क याच्यापेक्षा चार जास्त. "बघा ताई," एवढंच म्हणाला. मला त्यावर बोलता येईना. त्याने पिशवीतून शिष्यवृत्तीचा अर्ज काढला, खुर्ची ओढली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला सुरुवात केली.