भूल घेण्याआधी: चहा, गोळ्या आणि तंबाखू

जत-आटपाडीकडून मिरजेला ऑपरेशनसाठी यायचं तर माणूस पहाटेच निघतो. स्टँडवर उतरलं की सोबतचे मायेनं म्हणतात, "घोटभर चहा घे, चहानं काय होतंय!" त्या घोटापायी ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं.

पूर्ण भूल दिली की गिळण्या-खोकण्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर थेट श्वासनलिकेत उतरतं आणि आंबट रसानं फुप्फुस पोळतं. म्हणून मटण, तळलेलं, भरपेट जेवण 8 तास आधी बंद. हलका नाश्ता, दूध, दुधाचा चहा 6 तास आधी. आईचं दूध बाळाला 4 तास आधीपर्यंत चालतं. एकादशी असली तरी साबुदाण्याची खिचडी जेवणातच धरायची. साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत घोट घोट प्यावं. रात्रीपासून पाणीही तोडलं तर शरीर सुकतं, आणि कमरेतून भूल दिल्यावर बीपी आणखी खाली येतं. जुन्या शुगरवाल्यांचं पोट सावकाश रिकामं होतं. त्यांनी वेळ भूलतज्ज्ञांनाच विचारावी.

गोळ्यांची नावं पाठ करत बसू नका, पिशवीच घेऊन या. बीपीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटेनोलॉल सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल बऱ्याचदा थांबवतात. शुगरची डापाग्लिफ्लोझिन किमान 3 दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांनी तर मुळीच नको. गावठी काढा चालू असेल तर तोही सांगा.

मिश्री, गुटखा, विडी लपवली जाते, सासऱ्यांसमोर तर हमखास. डॉक्टरांना एकटं गाठून सांगा. गुटख्यानं जबडा आखडतो. घरीच बघा: स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी मावतात का? मावत नसतील तर श्वासाची नळी घालणं अवघड जाऊ शकतं. हे आधी कळलं तर दुर्बिणीतून नळी घालायची तयारी ठेवता येते. ऐन टेबलावर कळलं तर जीवावर बेततं. हलणारा दातही दाखवा, कवळी काढून ठेवा.

नेलपॉलिश पुसून या, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र घरीच ठेवा.

त्याच दिवशी घरी सोडलं तरी 24 तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, कुठल्या कागदावर सही नाही. सोबत रात्रभर थांबणारं शहाणं माणूस हवं.