गिरिराजची पिल्लं, तिसरा आठवडा: बल्ब, तूस आणि लासोटा

मंडळी, परसात कोंबड्या पाळायचं खूळ शेवटी डोक्यात शिरलंच. गिरिराजची वीस पिल्लं आणलीत, एक दिवसाची, हॅचरीतूनच मरेक्स रोगाची लस टोचून आलेली. जात कुठली घ्यायची यावर घरात बरीच चर्चा झाली, भावाला कडकनाथ पाहिजे होती पण तिचे भाव ऐकून तो गप्प बसला, आणि नवशिक्यानं गिरिराज नाहीतर वनराज घ्यावी असं मलाही वाटतं, दोन्ही परसासाठीच काढलेल्या जाती (एक बंगलोरची, दुसरी हैदराबादची), फिरून चरतात, गावरानपेक्षा लवकर भरतात. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ना, ती घेऊ नका, बहुतेक लेअरचे (अंड्यांसाठी पाळायच्या जातीचे) नर असतात, अंडी काय देणार!

सगळा खेळ उबेचा आहे. आई म्हणते एवढा थाट कशाला, खुडूक कोंबडी बसवली असती तर तिनंच केलं असतं सगळं. बरोबर आहे तिचं, पण मशीनच्या पिल्लांना आई नाही, मग तिचं काम आपल्यालाच करावं लागतं. पहिल्या आठवड्यात साधारण 35 डिग्री आणि पुढं दर आठवड्याला दोन-तीन डिग्रीनं कमी, हे पुस्तकातलं गणित. मी थर्मामीटर लावलाय पण खरं सांगायचं तर बघतो पिल्लांकडेच. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करायला लागली की थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. लांब कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली की वर घ्या. सगळीकडे पसरून खाताहेत, लोळताहेत, मग तुम्ही चहा घ्यायला मोकळे. सगळी एकाच बाजूला जमली तर समजा दुसरीकडून वारा येतोय.

आडोसा पत्र्याचा गोल केलाय. चौकोनी खोका घेतला तर थंडीत सगळी कोपऱ्यात घुसतात आणि खालची गुदमरून मरतात. रात्री लाइट जाते आमच्याकडे, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि वरून अर्धं पोतं टाकतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवायची हिंमत मला नाही, तो धूर माणसालाही झेपत नाही.

खाली भाताचं तूस, पहिले काही दिवस त्यावर पेपर, नाहीतर पिल्लं तूसच खात बसतात. आल्या आल्या गुळाचं पाणी, मग मक्याचा भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या भांड्याभोवती तूस ओलं झालं की लगेच काढून टाकतो कारण ओल्या तुसातच रक्ती हगवणीचं मूळ असतं, आता भांडं विटेवर ठेवलंय तर बरंच कोरडं राहतं. दोन पिल्लं सुरुवातीलाच गेली, आणलीच तेव्हा मलूल होती, बाकीची टणटणीत.

लसीचं काम मात्र किचकट राव. राणीखेत या साथीच्या रोगासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब, मग चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा. बाटली मिळते शंभर-दोनशे डोसची आणि आपली पिल्लं अठरा-वीस! एकदा कालवली की दोनेक तासात संपवायची, उरलेली फेकायची. म्हणून गल्लीतल्या काकूंच्या आणि पलीकडच्या वस्तीवरच्या कोंबड्यांनापण त्याच सकाळी लस देऊन टाकली, खर्च वाटून घेतला, आणताना थर्मासमध्ये बर्फ.

आता पंखांवर पिसं आलीत, दिवसा बल्ब बंद असतो, एकदोन महाभाग पत्र्यावर उडी मारून बसतात. खुराड्याचं काम चालू आहे. ती षटकोनी कोंबडी जाळी मी लावणार नाही, कुत्रं दातानं फाडतं आणि मोठ्या भोकातून मुंगसाची पिल्लंपण आत येतात, अर्धा इंची वेल्डमेशच (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) घेतोय, महाग पडते पण पडू दे. जाळी खाली फूटभर जमिनीत गाडायची का नुसता कोबा करायचा यावर अडलोय. आमची जमीन काळी आहे, पावसाळ्यात नुसता चिखल, तर काळ्या रानात कुणी बांधलं असेल तर फोटो टाका.