आमची वाटचाल : नारिंगी स्टिकरची वही

आम्ही कानाच्या मशीनचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे ऐकू किती येतं ते मोजणारा एक ऑडिओमीटर होता, आतून फोम लावलेली तपासणीची खोली होती आणि माझा भागीदार होता. डिजिटल श्रवणयंत्रं १९९६ मध्येच बाजारात आली होती, पण आमच्या टेबलावर अजून ट्रिमरवालीच होती, म्हणजे बारीक स्क्रू फिरवून आवाज जुळवायची. बारीक स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर केसभर फिरवायचा, स्टेथोक्लिप, म्हणजे मशीनचा आवाज ऐकायची स्टेथोस्कोपसारखी नळी, लावून स्वतः ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. तो स्क्रूड्रायव्हर मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

भागीदार मोल्डचा, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याचा माणूस. त्याच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीने, कान बघायचा, मळ दिसला तर इम्प्रेशन, म्हणजे कानाचा ठसा, घ्यायचंच नाही. कान स्वच्छ असेल तर दोरा बांधलेला फोमचा बोळा दुसऱ्या वळणाच्या पलीकडे हळूच सरकवायचा आणि मगच सिरिंजमधून सिलिकॉन सोडायचं. ते घट्ट होईपर्यंत पेशंटला जबडा हलवायला लावायचा, कारण बोलताना-चावताना कानाची नळी आकार बदलते. बोळा अलीकडे राहिला तर मोल्ड आखूड होतो, आणि आखूड मोल्ड सैल बसून शिट्टी मारतो. त्याचे मोल्ड शिट्टी मारत नसत.

चौथ्या वर्षी तो म्हणाला, "तू कान मोजत बसतेस आणि गिऱ्हाईक उठून जातं." त्याला मोफत तपासणीची पाटी लावायची होती. दहा मिनिटांत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढायचा, त्याच दिवशी मशीन कानात घालायचं आणि पेशंटला दारापर्यंत सोडायचं. मी नाही म्हणाले. हाडामार्गे ऐकू येणं तपासलं नाही, शब्द किती समजतात ते पाहिलं नाही, तर बिघाड आतल्या कानात आहे की मधल्या, हे कसं कळणार? महिन्याभरात तो गेला. जाताना आमच्या पेशंटच्या रजिस्टरची प्रत घेऊन गेला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मग आमच्याच लोकांना त्याची पत्रं जायला लागली : तुमचं मशीन जुनं झालं, बदलून घ्या. त्यातली काही मशीनं दीड वर्षाचीसुद्धा नव्हती. लोक गेले. मोफत म्हटल्यावर जातातच, त्यांना मी दोष देत नाही. दोष मी लॉकला देते. लॉक केलेलं मशीन विकणाऱ्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, दुसऱ्याच्या संगणकावर ते जोडलंच जात नाही. धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, घेणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही. तिकडून घेतलेलं मशीन घेऊन माणूस माझ्यासमोर बसायचा. भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो, स्वतःचा आवाज घुमतो, अशी तक्रार असायची. मी केबल जोडायची, स्क्रीन कोरी. "तुमच्याकडून घेतलं नाही म्हणून तुम्ही करत नाही," असं म्हणून लोक उठून गेले आहेत. दोन वर्षं हे ऐकलं.

नेमकं त्याच सुमारास प्रोब माइकचं, म्हणजे कानाच्या आत पोचणारा आवाज मोजायचं, मशीन आम्ही कर्ज काढून घेतलं होतं. हप्ता भरायला पैसे नसायचे, दोन जणांचे पगार थकले, आणि जो तो सांगायचा की ते विकून टाक. मी विकलं नाही. कंपनीचं पहिलं सेटिंग सरासरी कानासाठी असतं, आणि प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी. सिलिकॉनची बारीक नळी पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरवर नेऊन ठेवली की तिथे खरोखर किती आवाज पोचतो ते कळतं. बऱ्याचदा वरच्या फ्रीक्वेन्सीत तो कमी पडतो. 'स', 'श', 'फ' तिथेच असतात. "ऐकू येतं पण समजत नाही" ही तक्रार तिथून येते, आणि ती मोजल्याशिवाय सुटत नाही.

आम्हाला तारलं ते एका निवृत्त शिक्षिकेने. कानामागचं मशीन, १३ नंबरचा सेल. स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर हवेला ठेवा, मग घाला, असं आम्ही सांगायचो. बाई प्रत्येक सेलचं नारिंगी स्टिकर वहीत चिकटवून पुढे तारीख घालायच्या, आणि त्या दिवसांत काय ऐकू आलं, काय निसटलं, तेही लिहायच्या. त्यांनाही पत्र गेलं होतं. तिकडे त्यांना सांगितलं, मशीन संपलं, नवीन घ्या. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आधी माझी वही बघ."

पानोपान बारा-तेरा दिवसांच्या अंतराने स्टिकर. शेवटच्या पानावर एकदम पाच-पाच दिवसांनी. मशीन करंट जास्त ओढत होतं. उघडलं तर घामाने सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता. पट्टी बदलली, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगितलं. पुढचं स्टिकर पुन्हा बाराव्या दिवशी लागलं. ते मशीन त्यांनी आणखी चार वर्षं वापरलं, आणि आमच्या बाकावर बसून ती वही येईल त्याला दाखवली. लोक परतले ते त्या वहीमुळे.

पुढची वर्षं कामात गेली.

आता सांगतेच. ज्या दिवशी तपासणी, त्या दिवशी मशीन घेऊ नका. ऑडिओग्रामची प्रत मागा, ती तुमची आहे. मशीन लॉक आहे का, हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. कानात प्रोब घालून मोजणार का, तेही विचारा. यावर जो हसेल त्याच्याकडून घेऊ नका. चॅनेलच्या, म्हणजे मशीन आवाज किती पट्ट्यांत विभागतं त्याच्या, आकड्यांना भुलू नका. दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हीकडे घाला. ट्रायल स्वतःच्या घरात घ्या, टीव्ही चालू असताना, चार जण एकदम बोलत असताना. आमच्या शांत खोलीत सगळीच मशीनं चांगली वाटतात. पहिले काही आठवडे कागदाची सळसळसुद्धा खुपेल. तरी दिवसभर घाला आणि पुन्हा सेटिंगला या. आणि एक कान अचानक गेला असेल तर आमच्याकडे येऊच नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. तिथे उपचाराला दिवस मोजकेच मिळतात. कानातून पाणी येत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानात गुणगुण असेल, तरी आधी डॉक्टर.

इम्प्रेशन आता मी स्वतः घेते. बोळा तसाच दुसऱ्या वळणापलीकडे, जबडा तसाच हलवायला लावते. हे त्यानेच शिकवलं, आणि ते मी नाकारत नाही. रजिस्टरची प्रत मात्र त्याने अजून परत केलेली नाही.