मुंबईहून स्वस्त, पण आमच्या गावाहून नाही

धाकटा भाऊ जर्मनीत श्टुटगार्टला असतो. आईला एकदा त्याचं घर दाखवायचं, हे केव्हाचंच ठरलं होतं. अडत होतं ते तिकिटापाशी. भाऊ फोनवर दरवेळी एकच सांगायचा, "ताई, मुंबईहून घे. नागपूरहून महाग पडते." आणि तसं दिसतही होतं. भावाकडे जायला फ्रँकफर्टला उतरायचं, आणि मुंबई-फ्रँकफर्टचा आकडा नागपूर-दोहा-फ्रँकफर्टपेक्षा बराच खाली होता.

मग मी वही घेऊन बसले आणि हिशोब गावाच्या फाट्यापासून लावला. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. नागपूर-मुंबईचं वेगळं तिकीट काढलं की देशातल्या विमानात साधारण 15 किलोच सामान फुकट, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. लेकाकडे निघालेल्या बाईची बॅग 15 किलोत कशी बसणार? सांडगे, कुरड्या, भिवापुरी मिरचीचं तिखट, नातवंडांचे कपडे. मुंबईत त्या बॅगा उतरवून घ्यायच्या, पहिल्या टर्मिनलला उतरलो तर बाहेर पडून गाडीनं दुसऱ्या टर्मिनलला जायचं, पुन्हा रांग. त्यात पहिलं विमान लेट झालं तर दुसरं निघून जातं आणि पैसे बुडतात, कारण दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे व्यवहार. सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असेल तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि बॅग थेट शेवटच्या गावाला मिळते. रेल्वेनं जायचं म्हटलं तरी बडनेऱ्याहून रात्रभराचा प्रवास आणि मुंबईत मुक्काम. बेरीज केली तेव्हा मुंबईची स्वस्ताई जवळपास संपली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे त्या बेरजेत धरलेच नव्हते.

खरी बचत झाली ती महिना बदलल्यानं. भाऊ म्हणत होता, मे महिन्यात या, हवा छान असते. मे मध्ये सगळ्यांच्याच शाळांना सुट्टी, भाडी चढलेली. फेब्रुवारीत युरोपात थंडी असते म्हणून लोक जात नाहीत आणि भाडी उतरतात. आमच्याकडे नेमकी तेव्हाच तूर निघून घरात आलेली असते, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि कापसाचे पैसे हाती असतात. कोरडवाहू शेतकऱ्याला विमान कंपन्यांचा हा मंदीचा काळ अगदी सोयीचा आहे, हे आमच्या भागात कुणी सांगत कसं नाही? मंगळवारी रात्री तिकीट घ्या, मोबाइलमधली हिस्ट्री पुसून शोधा, असले सल्ले मात्र ढिगानं मिळतात. विमानात एकाच रांगेतल्या जागाही वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करायची तयारी ठेवली तर फरक पडतो. वार पाहून मला तरी काही फरक दिसला नाही.

व्हिसासाठी आम्हाला वेळ मिळाली ती मुंबईची. विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो, वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं आणि केंद्रावर गेलो. कागद सगळे बरोबर होते. 30,000 युरोचा वैद्यकीय विमासुद्धा आधीच काढला होता. मग बोटांची वेळ आली. जर्मनीला लागतो तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा व्हिसा. त्याला दहाही बोटांचे ठसे लागतात. आधी उजव्या हाताची चार, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे.

आईचे ठसे उठेनात.

काउंटरवरचा पोरगा म्हणत होता, "जोरात दाबा. अजून जोरात." आई दाबत होती. काचेवर लाल दिवा लागत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी च्च केलं. आईनं हात काढला आणि पदराखाली घेतला.

"बोटं झिजले माहे," ती त्याला म्हणाली. "कापूस येचू येचू. रेशनच्या दुकानातबी अंगठा येत नाही."

वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात, वर्षानुवर्षं घुसतात, आणि अंगठा नि पहिलं बोट गुळगुळीत होऊन जातं. याच बोटांनी भावाची इंजिनीअरिंगची फी भरली गेली. तो जर्मनीत आहे तो या बोटांमुळे, आणि तिकडे जायला तीच बोटं चालत नव्हती. मला भयंकर राग आला. मी त्या पोराला म्हटलं, ज्यांचे ठसे शरीरामुळे देताच येत नाहीत त्यांना सूट आहे, आणि काही बोटं येत नसतील तर येतील तेवढी घ्यायची, असा नियमच आहे. वरिष्ठांना बोलवा. तो गप्प उठून आत गेला. तेवढ्यात तिथं साफसफाई करणाऱ्या मावशी ओला रुमाल आणि व्हॅसलीनची डबी घेऊन आल्या. आईचा हात हातात घेऊन त्यांनी एकेक बोट पुसलं, चोळलं. "माझ्या सासूचं पण असंच आहे," म्हणाल्या. त्यानंतर बरीच बोटं उठली. उरलेल्या बोटांची नोंद वरिष्ठ बाईंनी स्वतः केली.

शेतात राबलेल्या आईबापांना नेणार असाल तर आठवडाभर आधीपासून रोज रात्री त्यांच्या बोटांना तेल लावा. आणि नियम पाठ करून जा, कारण तिथं तो आपण होऊन कुणी सांगत नाही.

व्हिसा येईपर्यंत मी तिकीट काढलं नाही, फक्त आरक्षण दाखवलं. तेवढं पुरतं. परत न मिळणारं तिकीट आधी काढू नका. मधल्या काळात भाडं थोडं चढलं, ते मी आनंदानं भरलं. नागपूरला पहाटेच्या अंधारात चेक-इनवरच्या मुलीनं आईला मराठीत समजावलं, "आजी, बॅग आता एकदम फ्रँकफर्टलाच," तेव्हा वाटलं, पैसे वसूल झाले. दोह्याच्या विमानतळावर प्रचंड मोठं पिवळं अस्वल बसवलंय, आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. श्टुटगार्टचे दिवस नातवंडांत, थंडीत आणि भाकरीसाठी ज्वारीचं पीठ शोधण्यात गेले.

शेंगेनचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात. तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर सहसा नव्यानं द्यावे लागत नाहीत. हे आईला सांगितलं तेव्हा ती तूर पाखडत होती.

"मंग पुढच्या फेब्रुवारीचं पाहून ठेव," म्हणाली. "नागपूरहूनच."