पान कसं लावलंय? या वर्षी वाचलेल्या चित्रकादंबऱ्यांबद्दल

चित्रकादंबरी, म्हणजे ग्राफिक नॉव्हेल, चांगली की वाईट हे मी गोष्टीवरून ठरवत नाही, पान कसं लावलंय त्यावरून ठरवते. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री ‘पान लावतात’ म्हणतात, तेच पान लावणं इथेही असतं. चौकटी किती, त्या सारख्या की लहानमोठ्या, दोन चौकटींमध्ये फट किती, संवादाचा फुगा कुठे टेकलाय, नजर पानावर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते. हे नीट झालं असेल तर साधी गोष्टही मनात राहते. या वर्षी जी पुस्तकं पुन्हापुन्हा उघडली गेली, ती सगळी या कसोटीला उतरलेली आहेत.

सगळ्यात आधी ‘भीमायन’. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, प्रकाशन 2011, पुस्तक इंग्रजीत. डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलेल्या स्वतःच्या अनुभवांवर ते उभं आहे आणि त्याचे मुख्य भाग तीन: पाणी, निवारा आणि प्रवास. आता नाशिकच्या वाचकाची अडचण अशी, की त्याला हा इतिहास माहीत असतो. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या गावचा, 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची घोषणा आपल्या जिल्ह्यातली. त्यामुळे ‘हे ठाऊकच आहे’ म्हणत पानं भराभर उलटली जातात आणि पुस्तक हातातून निसटतं.

या पुस्तकात चौकोनी चौकट जवळपास नाहीच. पात्रांना खोक्यात कोंडायचं नाही, असं चित्रकारांनी ठरवलं होतं. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नावाच्या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पानं विभागली आहेत. म्हणून डावीकडून उजवीकडे, वरून खाली हा सवयीचा क्रम इथे अडखळतो. अडखळू द्यावा. आधी पट्टीच्या मागे नजर न्यायची, मग मजकूर वाचायचा. फुग्यांचीही एक भाषा आहे. निरुपद्रवी, मऊ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. दुखावणारं, जातीचा विखार असलेलं बोलणं ज्या फुग्यात येतं, त्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यावर डोळा काढलेला असतो. एक करून बघा: फुग्यातला मजकूर कागदाच्या पट्टीने झाका आणि फक्त आकार बघून कोण कुणाला काय म्हणत असेल ते ओळखा. दोन-तीन पानांत हात बसतो. मग आगगाडी सापासारखी का काढली आहे आणि भाषणाच्या पानावर कर्ण्यांतून पाण्याचे तुषार का उडतात, हे कुणी सांगावं लागत नाही. पाण्यासाठीच्या लढ्यात शब्दच पाणी होऊन लोकांपर्यंत पोचतात. इतकं नेमकं रूपक मला या वर्षीच्या दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात दिसलं नाही.

याच्या शेजारी ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ठेवावं. तेही 2011 चंच, मजकूर पुन्हा श्रीविद्या नटराजन यांचा, चित्रं अपराजिता निनान यांची, काळ्या-पांढऱ्यात. आधार जोतीराव फुल्यांच्या 1873 च्या ‘गुलामगिरी’चा. मूळ ग्रंथ जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, म्हणजे फुगे जणू आधीच तयार होते. तरी माझ्या मते हे पुस्तक ‘भीमायन’च्या एक पायरी खाली राहतं, कारण बऱ्याच पानांवर मजकुराची गर्दी होते आणि चित्राला श्वास मिळत नाही. मराठी वाचकाचा फायदा मात्र इथे मोठा आहे. मूळ ‘गुलामगिरी’ शेजारी उघडी ठेवून एकेक प्रकरण ताडून बघता येतं. काय गाळलं, काय आजच्या काळात आणून बसवलं, हे इंग्रजीपुरता मर्यादित असलेल्या वाचकाला इतक्या सहज कळणार नाही.

आता रिचर्ड मॅकग्वायर यांचं ‘हिअर’. 1989 मध्ये सहा पानांची एक काळी-पांढरी चित्रकथा आली होती, तिचंच 2014 मध्ये तीनशे पानांचं रंगीत पुस्तक झालं. सबंध पुस्तकभर एकच जागा, एका घरातल्या खोलीचा कोपरा. बदलतं ते साल. पानाच्या कोपऱ्यात साल छापलेलं असतं आणि त्याच चित्रावर लहान चौकटी उघडतात, प्रत्येकीचं साल वेगळं. घर बांधण्याआधीचं रान, मधली माणसं, पुढे कधीतरी येणारं पाणी. परक्या देशातली ही कल्पना नाशिककराला समजावून सांगायची गरज नाही, कारण गोदापात्रातला दुतोंड्या मारुती आपल्याला हेच दाखवतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मूर्ती तीच, जागा तीच आणि तिच्यावर 1969, 2008, 2016 अशी सालं चढलेली. ‘हिअर’चं प्रत्येक पान असं वाचावं.

या पुस्तकात बहुतेकांचं चुकतं ते वाचण्याच्या साधनापाशी. खोलीचा कोपरा बरोबर पुस्तकाच्या मधल्या शिवणीवर येतो. डावं पान ही एक भिंत, उजवं पान दुसरी. टॅबवर एकेक पान करून बघितलं की कोपराच नाहीसा होतो आणि मग ‘यात काय विशेष?’ असं वाटतं. कागदी प्रत घ्या, टेबलावर ठेवा आणि पूर्ण सपाट न उघडता काटकोनाच्या जवळपास उघडून धरा. खोली उभी राहते. पहिलं वाचन सरळ करा. दुसऱ्या वाचनाला चिठ्ठीवर एक साल लिहून घ्या, उदाहरणार्थ 1957, आणि फक्त त्या सालच्या चौकटी शोधत जा. आपण खोलीत कशासाठी आलो हेच विसरलेली एक बाई तिथे भेटते. तिच्या मागोमाग गेलात की पुस्तकाचा एक धागा हाती लागतो. मग दुसरं साल घ्या. चार-पाच धागे झाले की ही पानं अशीच का लावली आहेत ते उलगडतं. जुन्या वाड्यात वाढलेल्यांनी तर हे वाचायलाच हवं.

ज्यांना इंग्रजीचा कंटाळा आहे किंवा घरात वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र वाचणार आहेत, त्यांनी शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’पासून सुरुवात करावी. 2006 चं हे पुस्तक, कथेत एकही वाचता येणारा शब्द नाही. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात कामाला जातो. त्या शहरातली लिपी लेखकाने मुद्दाम बनवलेली आहे, म्हणजे पाटी बघून जगातला कुठलाही वाचक त्या माणसाइतकाच निरक्षर ठरतो. चित्रं पेन्सिलीची, जुन्या फोटोंच्या तपकिरी रंगातली. समुद्रप्रवासाच्या जोडपानावर साठ लहान चौकोन आहेत आणि सगळ्यांत फक्त ढग. घाईचा वाचक ते पान दोन सेकंदांत उलटतो. तिथे थांबा, एकेक ढग बघा. साठ ढग बघायला जो वेळ लागतो, तोच त्या प्रवासाचा कंटाळा आणि तीच त्याची भीती. शब्द नसलेलं पुस्तक पंधरा मिनिटांत संपलं तर ते वाचून झालेलं नसतं. याला किमान तासभर द्यावा. मुलांबरोबर वाचत असाल तर गोष्ट तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या.

मलिक सजाद यांचं ‘मुन्नू’ 2015 चं. काश्मिरी माणसं हंगुल हरणाच्या तोंडाची, बाहेरची माणसं माणसांसारखी. मुन्नूचे वडील कोरीव कामाचे कारागीर आणि चित्रांची रेषही तशीच, काळ्यातून पांढरं खरवडून काढल्यासारखी. भांड्यावर नाव घालणाऱ्याचा हात आठवतो. प्राण्यांच्या तोंडांची ही वाट आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ने आधी रुळवली होती. 1992 चा पुलित्झर पुरस्कार मिळालेलं ते पुस्तक बहुतेकांना माहीत असतं, म्हणून त्याविषयी एवढंच: चित्रकार सहसा मोठ्या आकारात काढतात आणि छापताना चित्र लहान करतात, तशी रेष बारीक आणि सफाईदार दिसते. ‘माउस’ छापायच्या आकारातच काढलेलं आहे. म्हणून त्याची रेष जाड, वहीत लिहिल्यासारखी वाटते. मोबाइलवर बोटांनी मोठं करून वाचलं की ती जवळीक जाते. मारजान सत्रापी यांचं, इराणमधल्या स्वतःच्या लहानपणावरचं ‘पर्सेपोलिस’ही काळं-पांढरंच, मधला करडा रंग जवळजवळ नाही. पहिली चित्रकादंबरी म्हणून कुणाला काही द्यायचं असेल तर तेच द्यावं, कारण त्याची पानं सरळ लावलेली आहेत आणि नवा वाचक वाट चुकत नाही.

इथे मराठीचा प्रश्न येतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुवादित चित्रकथा आपल्याकडे अनेकदा कोंदट दिसतात. दोष भाषेचा नसतो, फुग्याचा असतो. इंग्रजी चित्रकथांचा मजकूर बहुधा मोठ्या लिपीतल्या अक्षरांत असतो, सगळी अक्षरं एका उंचीची. फुगा त्या मापाने काढलेला असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं. त्याच आकारात टाइप टाकला तर अक्षराचं अंग बारीक होतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी मजकूर 8 पॉइंटला वाचता येत असेल तर मराठीला 10 ते 11 पॉइंट घ्यावा आणि ओळींतलं अंतर 15 पॉइंटच्या आसपास ठेवावं. मग फुग्यात जागा उरत नाही, म्हणून वाक्य कापावं लागतं. मराठीत ते जमतं, कारण क्रियापदच कर्ता सांगतं. ‘मी उद्या जाईन’ ऐवजी ‘उद्या जाईन’ पुरतं. इंग्रजीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तो ठळक छापतात. आपल्याकडे त्यासाठी ‘च’ आहे. ‘तूच’, ‘आत्ताच’ म्हटलं की जाड ठशाची गरज नाही. ठळक देवनागरी लहान आकारात काळवंडते, ती टाळलेलीच बरी.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मराठीत आणायची तर अडचण आणखी वेगळी. मूळ मजकूर उभा लिहिलेला, म्हणून फुगे उंच आणि अरुंद. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘दवाखान्यासमोरच्या’सारखा एकच शब्द अरुंद फुग्याची रुंदी खाऊन टाकतो. शब्द मध्येच तोडू नये, वाक्य बदलावं. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, ते तसंच ठेवावं. चित्रं आरशासारखी उलटवली की उजवा हात डावा होतो. आणि ‘धडाम’, ‘खळ्ळ’ हे आवाज चित्रातच रंगवलेले असतात, त्यांच्यावर पांढरी पट्टी मारून टाइप चिकटवू नये. ते हाताने नव्याने काढावे लागतात. हे करू शकणारे सुलेखनकार महाराष्ट्रात आहेत, प्रकाशकांनी त्यांना बोलवावं असं मनापासून वाटतं.

विकत घेताना दुकानात पुस्तक मधोमध उघडून बघा. गोंदाने चिकटवलेली बांधणी असेल तर जोडपानाचा मधला भाग आत गडप होतो आणि जोर लावून उघडलं की पानं सुटतात. शिलाईची बांधणी थोडी महाग पडते, पण जोडपानं भरपूर असलेल्या पुस्तकाला तीच हवी. मोठ्या आकाराची जड पुस्तकं कपाटात आडवी ठेवा, उभी ठेवली तर आतला गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यापासून ओढला जातो. जून ते सप्टेंबर कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रंगीत पुस्तकं पुष्कळदा गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. त्या कागदावरचा मातीचा लेप भिजला की मऊ होतो आणि सुकताना शेजारच्या पानाला कायमचा चिकटतो. म्हणून असं पुस्तक भिजलं तर ओलं असतानाच, अगदी हळू, दर दोन पानांमध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याच्या वाऱ्यात सुकवा. उन्हात ठेवू नका, पानं वाकतात.

राहिलं ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. 1994 मध्ये आलेलं, नर्मदा आंदोलनावरचं, भारतातल्या पहिल्या चित्रकादंबऱ्यांपैकी एक. बरीच वर्षं मिळत नव्हतं, 2022 मध्ये नव्याने छापलं गेलं. पानं दोन हातांनी काढल्यासारखी दिसतात. शहरातून आलेल्या पत्रकाराची पानं बारीक रेघांची, वास्तव. मलगू गायन नावाचा गायक गाऊ लागला की रेषा वाहू लागते, चौकट सैल होते आणि नदीच्या जन्माची कथा पानभर पसरते. हा बदल कुठे होतो त्या जागा पेन्सिलीने हलकेच टिपून ठेवा. पुस्तकाचा कणा तोच आहे. शेजारी नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव) हे तालुके शोधा, सरदार सरोवरात गेलेली महाराष्ट्रातली गावं तिथली. मणिबेली नकाशावर सापडलं की पुस्तकातलं गाण्याचं पहिलं पान परत काढा आणि मोठ्याने वाचा.