तुम्ही विचारलंत म्हणून : सुया चालतात, गणित अडतं

जमत नाही. ‘दोन लहान मुलं सांभाळून विणकामाचं डिझाईन कसं जमवता?’ याला माझं खरं उत्तर एवढंच आहे. आजवर ते मी दिलं नाही. ‘मुलं झोपली की होतं हो’ असं सांगत आले. ते ऐकून ज्यांनी आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन पॅटर्न, म्हणजे दुसऱ्यांना बघून विणता येईल अशी लेखी कृती, लिहायला घेतला, त्यांची मी अपराधी आहे. म्हणून एकदाच नीट लिहिते.

‘विणणं काय, बोलता बोलता होतं’ हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. विणणं होतंच. एक वर्षाच्या बाळाचा डीके, म्हणजे ना फार जाड ना फार बारीक, अशा लोकरीचा स्वेटर घ्या. ४ मिमी सुई, १० सेंमीत २२ टाके आणि ३० फेऱ्या. सगळे मिळून साधारण साडेबारा हजार टाके होतात. मिनिटाला २० धरले तर साडेदहा तास. या साडेदहा तासांचे शंभर तुकडे केलेत तरी स्वेटर तोच होतो. भाताला शिट्ट्या होईपर्यंत दोन फेऱ्या, शाळेच्या बसची वाट बघताना तीन. सुलट फेरीत कुठेही थांबा, टाके सुईवर तसेच राहतात.

पण डिझाईन म्हणजे ते साडेदहा तास नव्हेत. तोच स्वेटर आता कागदावर बघा. वरून खाली विणायचा रॅगलान, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषांनी बाह्या जोडलेला. गळ्याला ६८ टाके: पाठ २२, पुढा २२, बाह्या १०-१०, चार तिरक्या रेषांचा एकेक. एक सोडून एक फेरीत ८ टाके वाढवायचे, असं १४ वेळा. ११२ वाढून १८० झाले. पाठ आणि पुढा ५०-५०, बाह्या ३८-३८. बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे, प्रत्येक काखेत ४ नवे घालायचे, तिरक्या रेषांचे ४ अंगाकडे घ्यायचे. ५०, ५०, ४ आणि ८ मिळून ११२, म्हणजे जवळजवळ ५१ सेंमी घेर. क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकन संस्थेच्या मापांच्या तक्त्यात १२ महिन्यांच्या बाळाची छाती ४५.५ सेंमी आहे, तेव्हा पाच सेंमी सैल. बाही ३८ आणि काखेतून उचललेले ४, असे ४२ टाके, १९ सेंमी. वाढीच्या २८ फेऱ्यांची काखेपर्यंतची उंची ९.३ सेंमी. इथवर सगळं जुळतं.

पुढची मापं अशी सरळ येत नाहीत. तक्त्यात दर मापाला छाती अडीच सेंमीने वाढते, म्हणजे साडेपाच टाक्यांनी. पण रॅगलानच्या एका वाढीत अंगाला ४ टाके मिळतात, आणि खालची दोन सुलट दोन उलटची बॉर्डर ४ च्या पटीतच बसते. १८ महिन्यांना ११६ चालून जातात. २४ महिन्यांना हिशेब १२२ वर येतो, आणि १२२ ला ४ ने भाग जात नाही. १२० घेतले तर घेर एक सेंमी कमी, १२४ घेतले तर एक सेंमी जास्त. १२४ घ्यायचे तर ते वाढीची एक फेरी जास्त करून मिळवायचे की काखेत टाके वाढवून? वाढीची फेरी घेतली की बाहीसुद्धा रुंद होते. काखेत घेतले तर काखेखाली कापड गोळा होतं. असं काहीतरी ठरवलं आणि त्याच क्षणी आतून ‘आई, झालं!’ अशी हाक आली, की वीस मिनिटांनी परत येऊन कागदावर फक्त ‘१२४’ दिसतं. का घेतले, त्यासाठी दुसरीकडे काय बदलायचं होतं, ते डोक्यातून गेलेलं असतं. आकडा टिकतो, त्यामागचं कारण टिकत नाही. मूल सांभाळून होत नाही ते हे काम.

माझं एक पॅटर्न या कारणाने बिघडलं. त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण ‘छोटीशी चूक झाली होती’ एवढंच सांगून मी ते आजवर झाकलं.

वर दिलेला स्वेटर तोच. त्यातली सर्वांत अवघड जागा गळ्याची. एक वर्षाच्या बाळाचं डोकं ४५-४६ सेंमी असतं आणि छातीही जवळपास तेवढीच. मोठ्या माणसाचं तसं नसतं, म्हणून मोठ्यांचे हिशेब बाळाला लावता येत नाहीत. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारीची पद्धत विणणाऱ्या बहुतेकींना माहीत आहे: अंगाचे टाके १००, मनगटाला २०, बाहीला वर ३३, गळ्याला ४०. बाळाच्या ११२ टाक्यांचे ४० टक्के म्हणजे ४५ टाके, वीस सेंमी. त्यातून बाळाचं डोकं जाणार नाही. माझे ६८ टाके ६१ टक्के होतात. तेसुद्धा सैल घातले आणि बॉर्डर ताणली गेली, तरच डोकं आत जातं. म्हणून नमुन्याचा स्वेटर विणताना मी टाके ५ मिमी सुईवर घातले होते आणि पहिल्या फेरीतच ३.२५ मिमीवर घेतले होते.

पॅटर्नमध्ये हे वाक्य नव्हतं. ‘६८ टाके घाला’ इथपर्यंत टाईप केलं आणि धाकटा उठला. परत येऊन बसले ती थेट बॉर्डरच्या ६ फेऱ्यांवर. ते वाक्य माझ्या हातांनी विणताना करून टाकलं होतं, त्यामुळे लिहूनही झालंय असंच मला वाटलं. आकडे तपासणारीने आकडे तपासले, ते सगळे बरोबर होते. आधी विणून बघणाऱ्या चौघीजणी जुन्या जाणत्या, त्यांचा हात टाके घालताना मुळातच सैल. चौघींनी स्वेटर टेबलावर पसरून फोटो पाठवले. बाळाच्या डोक्यातून घालून कोणीच बघितलं नव्हतं. माझ्या मुलाला तो नीट जात होता, कारण त्याचा गळा ५ मिमीवर घातलेला होता.

पॅटर्न बघून विणणाऱ्यांपैकी पहिलीने लिहिलं, ‘गळा जरा घट्ट वाटतोय.’ मी उत्तर दिलं, ‘तुमचा हात घट्ट असेल, थोडं सैल विणा.’ दुसरीलाही तेच. पॅटर्न उघडून बघितलं नाही. आकडे तपासून घेतले होते ना, याच गुर्मीत होते.

तिसऱ्या एका आजी होत्या. नातीच्या बोरन्हाणासाठी काळ्या लोकरीत विणला होता. काळी लोकर रात्री दिव्याखाली विणणं काय असतं ते विणणारीला सांगायला नको, टाका दिसत नाही, बोटाने चाचपावा लागतो. बॉर्डर १० नंबरवर, म्हणजे ३.२५ मिमीवर, म्हटलंय म्हणून त्यांनी टाकेही १० नंबरवरच घातले, जुन्या पद्धतीने, आवळून. काठ ताणून ३८ सेंमीच्या पुढे जाईना. हलव्याचे दागिने तयार, चुरमुरे-बोरं ताटात, आणि स्वेटर नातीच्या कपाळावर अडकलेला. पोर रडून लाल झाली. त्यांनी मला लिहिलं, ‘ताई, माझंच काहीतरी चुकलं असेल. हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत.’

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी लिहिलेलं त्यांनी शब्दाला शब्द लावून विणलं होतं.

तेव्हा पॅटर्न उघडलं. वाक्य नाही. आधीच्या दोघींची माफी मागितली, आजींना फोन केला. वरून विणलेल्या स्वेटरचा गळा उसवता येत नाही, कारण टाके घातलेल्या बाजूने विणकाम सुटत जात नाही. उपाय असा केला, आणि तुमच्यावर वेळ आली तर असाच करा. दुसऱ्या फेरीतल्या सगळ्या ६८ टाक्यांच्या उजव्या पायातून (टाका इंग्रजी ‘V’सारखा दिसतो, त्याची उजवी बाजू) २.५ मिमीची बारीक गोल सुई, म्हणजे वायरने जोडलेली दोन टोकं, ओवून घ्यायची. टाके मोजायचे, ६८ भरले पाहिजेत. पहिल्या फेरीतला एकच टाका कात्रीने कापायचा आणि बोथट सुईने तो धागा एकेका टाक्यातून सोडवत जायचं. काठ सुटा होतो. मग दीड मीटर लोकर ओवून शिवून टाके बंद करायचे: बोथट सुई उजवीकडून डावीकडे दोन टाक्यांतून घालायची, लोकर ओढायची, मग डावीकडून उजवीकडे फक्त पहिल्या टाक्यातून परत काढायची आणि तो टाका सुईवरून सोडायचा. दर टाक्याला लोकर आवळायची नाही. पाच-सहा टाके झाले की काठ बोटांनी ताणून बघायचा. आजींना तीन दिवस लागले. गळा ताणून ५० सेंमीपर्यंत जायला लागला. बोरन्हाण स्वेटरशिवाय झालं होतं.

त्यानंतर मी बदललं ते एवढंच. मुलं घरात जागी असताना फक्त विणायचं. आकड्याला हात लावायचा नाही आणि पॅटर्नचं एकही वाक्य लिहायचं नाही. आकडे आठवड्यातून तीन सकाळी, दहा ते बारा. तेव्हा मोठी शाळेत असते आणि धाकटा पाळणाघरात किंवा सासूबाईंकडे. आठवड्याला सहा तास. पाच मापांच्या एका स्वेटरचं गणित आणि लिखाण यात मला दोन आठवडे जातात. प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहायचं: ‘१२४, वाढीची फेरी एक जास्त, बाही ४६ होईल, चालेल.’ विणताना जे हाताने केलं ते तिथल्या तिथे फोनमध्ये बोलून ठेवायचं, नंतर लिहू म्हणायचं नाही. सुईला नुसता नंबर द्यायचा नाही, मिलिमीटर द्यायचे, कारण आपल्याकडची ८ नंबरची सुई ४ मिमी असते आणि अमेरिकन ८ नंबर ५ मिमी.

मुलं भोवती असताना विणायचं, तर सरळ लांब सुया वापरू नका. गोल सुई घ्या, उठताना टाके मधल्या वायरवर सरकवा. कोणी ओढलं तरी टाके सहसा गळत नाहीत. खुणेसाठी प्लॅस्टिकच्या रिंगा नकोत, त्या तोंडात जातात. वेगळ्या रंगाच्या लोकरीच्या गाठी पुरतात. फेऱ्या मोजायचं यंत्र मुलं फिरवतात. त्याऐवजी एक वेगळा दोरा टाक्यांच्या मधून वाढीच्या फेरीला पुढे आणि पुढच्या वाढीला मागे टाकत जा, दोऱ्याचे टप्पे मोजले की वाढी कळतात. १५ सेंमीचा नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजा. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, आणि ओला मोजायचा मोह होतो. मोजू नका. २२ ऐवजी २३ टाके भरले तर ११२ टाक्यांचा स्वेटर ५१ वरून ४८.७ सेंमीवर येतो, म्हणजे जवळपास एक माप खाली.

आता जे सांगायला जड जातं ते. हे सहा तास मला मिळतात, कारण दुसरी एक बाई ते देते. काही महिन्यांत पॅटर्नच्या पैशांतून पाळणाघराची फीसुद्धा निघत नाही. तरी मी हे काम सोडत नाही, आणि मुलांसाठी सोडावं असं कोणी सुचवलं की मला राग येतो. तो राग योग्य आहे की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

आणि माझ्यातली जुनी ‘मी’ अजून वाद घालते. ती म्हणते, वाक्य मूल उठलं म्हणून सुटलं हे कशावरून? गेल्या वर्षी शांत खोलीत, दार लावून, त्या सहा तासांतच बाहीची लांबी एका मापाला ३ सेंमी कमी लिहिलीस, ती कोणामुळे? याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती चूक आधी विणणारीने पकडली, कारण यावेळी विणणाऱ्यांपैकी दोघींच्या घरी त्याच वयाचं मूल असावं अशी अट घातली होती.

ज्या विचारतात, ‘बाळ आठ महिन्यांचं आहे, आता सुरू करू का?’ त्यांना मी उलट विचारते: आठवड्यातले कोणते तास, आणि तेव्हा बाळ कोणाकडे? यावर ‘बघू’ असं उत्तर आलं तर विणा, विणलेले स्वेटर विका, पण दुसऱ्यांसाठी पॅटर्न इतक्यात लिहू नका, असं सांगते. मी स्वतः मात्र ‘बघू’ म्हणूनच सुरू केलं होतं. सध्या तीन वर्षांच्या मापाचा गळा अडला आहे. रुंद ठेवला तर खांद्यावरून घसरतो, डाव्या खांद्यावर तीन बटणं दिली तर डोक्याचा प्रश्न सुटतो, पण घरात धाकटं भावंड असलं तर सुटलेलं बटण त्याच्या तोंडात जाऊ शकतं. गुरुवारी दहा वाजता त्यावर बसणार आहे.